विश्लेषण : कार्डाने उघडणारे दार नेटवर्क बंद पडल्यावर काय करते? इमारतीची प्रवेश-यंत्रणा बदलण्यापूर्वी काय तपासावे?

कार्यालये, रुग्णालये, महाविद्यालये आणि आयटी पार्कमध्ये दहा-पंधरा वर्षांपूर्वी बसवलेल्या कार्ड-प्रवेश यंत्रणा आता बदलायला आल्या आहेत. नवा रीडर कोणता घ्यायचा, चेहरा ओळखणारे यंत्र हवे की बोटाचा ठसा, इथूनच बहुतेक ठिकाणी चर्चा सुरू होते. त्याआधी विचारायचा प्रश्न मात्र मागेच राहतो. वीज गेली, नेटवर्क तुटले किंवा आग लागली, तर इमारतीतले प्रत्येक दार काय करणार? या प्रश्नाचे उत्तर आधी लिहून काढले, तर कार्ड, तारा, नेटवर्क आणि खर्च यांचे निर्णय बरेच सोपे होतात.

फेसबुकच्या कार्यालयात काय घडले होते?

४ ऑक्टोबर २०२१ रोजी भारतीय वेळेनुसार रात्री नऊनंतर फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम जगभर एकाच वेळी बंद पडले. सुमारे सहा तास ते बंद होते. नेहमीच्या देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे कंपनीच्या डेटा सेंटरना जोडणारे अंतर्गत नेटवर्कच तुटले, असे कंपनीने नंतर स्पष्ट केले. दुरुस्तीसाठी अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले. या जागा आत शिरण्यास अवघड अशाच बांधलेल्या असल्याने तिथे पोहोचून काम सुरू करायलाही वेळ गेला, हेही कंपनीने मान्य केले. त्याच दिवशी काही कर्मचाऱ्यांची प्रवेशकार्डे चालत नसल्याने त्यांना कार्यालयांत शिरता येत नसल्याच्या बातम्या अमेरिकी माध्यमांत आल्या.

जगातील सर्वात मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांपैकी एकीवर ही वेळ आली. नेटवर्क दुरुस्त करण्यासाठी आत जायचे, पण आत जाण्यासाठी नेटवर्क हवे, असा हा पेच होता. सहा मजल्यांच्या साध्या कार्यालयातही तो उद्भवू शकतो. सर्व्हर रूमच्या दाराला कार्ड रीडर, त्या रीडरला मंजुरी देणारा सर्व्हर त्याच खोलीत, आणि दाराची साधी किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नाही, ही स्थिती अनेक इमारतींत सापडेल.

कार्ड दाखवल्यावर दार नेमके कसे उघडते?

या यंत्रणेचे चार भाग असतात. दाराबाहेरचा रीडर कार्डाचा क्रमांक वाचतो. तो क्रमांक तारेतून आत बसवलेल्या कंट्रोलरकडे जातो. या माणसाला, या दारातून, या वेळी सोडायचे की नाही, हे कंट्रोलर ठरवतो. होकार असेल तर तो कुलपाचा वीजप्रवाह काही सेकंदांसाठी बदलतो आणि दार उघडते. चौथा भाग सर्व्हरचा. नवे कार्ड देणे, जुने रद्द करणे, कोण कधी आले-गेले याची नोंद ठेवणे ही कामे तिथे होतात. हा सर्व्हर इमारतीतच असतो किंवा क्लाउडवर.

चांगल्या यंत्रणेत कंट्रोलरच्या स्मृतीत कार्डांची यादी आणि परवानग्या साठवलेल्या असतात. त्यामुळे सर्व्हरशी संपर्क तुटला तरी दारे नेहमीप्रमाणे चालतात. नोंदी कंट्रोलरमध्ये साठत राहतात आणि संपर्क आला की सर्व्हरकडे जातात. काही स्वस्त किंवा पूर्णपणे क्लाउडवर विसंबलेल्या यंत्रणांत मात्र प्रत्येक वेळी वरून परवानगी यावी लागते. इंटरनेट बंद, तर दारही बंद. माहितीपत्रकात दोन्ही प्रकारांना ‘नेटवर्क-आधारित’ असेच म्हटलेले असते. त्यामुळे विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारायचा तो हाच : निर्णय कुठे होतो, आणि सर्व्हरविना तुमचा कंट्रोलर किती कार्डे, किती नोंदी आणि किती दिवस सांभाळतो?

जुनी कार्डे बदलण्याची गरज का आहे?

भारतात अजूनही मोठ्या प्रमाणावर दिसणारे जाड पांढरे ‘प्रॉक्सिमिटी’ कार्ड १२५ किलोहर्ट्झवर चालते. रीडरजवळ नेले की ते आपला क्रमांक सांगून मोकळे होते. समोरचा रीडर खरा आहे का, हे ते विचारत नाही. क्रमांक कूटबद्धही नसतो. बाजारात सहज मिळणाऱ्या स्वस्त यंत्राने अशा कार्डाची नक्कल काही सेकंदांत होते. किल्लीच्या दुकानात चावी बनवून घेण्याइतके हे सोपे झाले आहे.

त्यानंतर आलेले ‘मायफेअर क्लासिक’ कार्ड त्याहून सुरक्षित मानले जात होते. डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनमधील एका परिषदेत कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लॉट्झ या संशोधकांनी या कार्डातील गुप्त कूटपद्धती उलगडल्याचे दाखवले. २००८ मध्ये नेदरलँड्समधील रॅडबाऊड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यावरील हल्ला प्रत्यक्ष करून दाखवला. कार्डाची चिप बनवणारी एनएक्सपी कंपनी संशोधन प्रसिद्ध होऊ नये म्हणून न्यायालयात गेली, पण जुलै २००८ मध्ये डच न्यायालयाने तिची मागणी फेटाळली. हेच कार्ड डच सरकारी इमारतींच्या प्रवेशासाठीही वापरले जात असल्याने तो विषय थेट संसदेपर्यंत गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये क्वार्क्सलॅब या फ्रेंच कंपनीने या कार्डाशी सुसंगत असलेल्या एका चिनी चिपमध्ये चोरवाट सापडल्याचे जाहीर केले. ही कार्डे भारतासह अनेक देशांतील हॉटेलांत वापरात असल्याचे त्यांनी नमूद केले होते.

म्हणजे दोष कळून सतरा-अठरा वर्षे झाली, तरी कार्डे खिशात आहेतच. आज नवी यंत्रणा घेताना ‘मायफेअर डेसफायर’च्या ईव्ही२ किंवा ईव्ही३ श्रेणीतील, एईएस-१२८ कूटबद्धता वापरणारे किंवा तितक्याच ताकदीचे कार्ड मागावे. मोबाइलवरचे कार्ड हाही पर्याय आहे. मात्र फोनची बॅटरी संपलेला माणूस आणि साधा फोन वापरणारा सफाई कर्मचारी यांचे काय, हे आधी ठरवावे.

नवे कार्ड घेतले की काम संपले का?

नाही. रीडर आणि कंट्रोलर यांच्यामधली भिंतीतली तार बहुधा तशीच राहते. ‘वायगंड’ नावाची ही जोडणी अनेक दशकांपूर्वीची. तिच्या सर्वाधिक प्रचलित प्रकारात कार्डाची माहिती अवघ्या २६ बिटांत मावते. त्यातील ८ बिट इमारतीच्या संकेतांकाचे, १६ बिट कार्ड क्रमांकाचे आणि २ तपासणीचे. म्हणजे एका संकेतांकाखाली जास्तीत जास्त ६५,५३६ क्रमांक. ही माहिती उघडी जाते आणि एकाच दिशेने जाते. कार्ड कितीही भक्कम असले तरी रीडरने वाचलेला क्रमांक पुढे या तारेतून उघडाच धावत असेल, तर रीडर भिंतीवरून काढून तारेला छोटे यंत्र जोडणाऱ्याला तो मिळतो. आपला रीडर कोणी काढला, हे कंट्रोलरला कळतही नाही.

यावर ‘ओएसडीपी’ हा पर्याय आहे. आरएस-४८५ या जोडणीवर चालणाऱ्या या पद्धतीत संवाद दोन्ही दिशांनी होतो, तो एईएस-१२८ ने कूटबद्ध करता येतो आणि रीडर काढला तर कंट्रोलरला लगेच समजते. वायगंडची तार साधारण १५० मीटरपर्यंत चालते, आरएस-४८५ सुमारे १,२०० मीटरपर्यंत. २०२० मध्ये या पद्धतीला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जाही मिळाला. मात्र नुसते ‘ओएसडीपी’ लिहिलेला रीडर घेऊन भागत नाही. २०२३ मध्ये बिशप फॉक्स या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले की कूटबद्धता सुरूच न करणे, कारखान्यातली ठरावीक चावी तशीच ठेवणे किंवा बसवताना वापरायची तात्पुरती स्थिती पुढेही चालू ठेवणे अशा चुकांमुळे ही सुरक्षा निष्प्रभ होते. काम स्वीकारताना प्रत्येक रीडरवर कूटबद्ध संवाद सुरू असल्याचा लेखी अहवाल मागावा.

आपल्याकडच्या छोट्या कार्यालयांत याहून साधा धोका दिसतो. दाराबाहेर लावलेल्या ‘पंचिंग’ यंत्रातच रीडर, कंट्रोलर आणि कुलपाची जोडणी असे सारे असते. स्क्रू काढून यंत्र भिंतीवरून उतरवले की मागे कुलपाच्या तारा हाती लागतात. त्या तारांशी खेळले की कार्ड नको, बोट नको; दार उघडते. हजेरीसाठी असे यंत्र ठीक आहे. सुरक्षेसाठी मात्र कुलपाला आज्ञा देणारा भाग दाराच्या आतल्या बाजूलाच हवा.

नियोजनाची सुरुवात कुठून करावी?

निविदा काढण्याआधी दारांची यादी करावी. इमारतीत फिरून, प्रत्येक दारासमोर उभे राहून ती करायची असते. जुना नकाशा पाहून खुर्चीत बसून केलेली यादी हमखास चुकते. मधल्या काळात भिंती हललेल्या असतात, दारे वाढलेली असतात आणि एखादा रीडर नुसताच लटकत असतो.

प्रत्येक दारासाठी काही गोष्टी लिहाव्यात. दार लाकडी, काचेचे की अग्निरोधक? कुलूप कोणत्या प्रकारचे? वीज गेल्यावर ते उघडते की बंदच राहते? आतून बाहेर पडायला बटण आहे, मूठ आहे की कार्डच लागते? तार कोणती, किती लांब आणि कुठल्या मार्गाने गेली आहे? वीज कुठून येते, बॅटरी कधी बदलली? हे दार सुटकेच्या मार्गावर आहे का? साधी किल्ली आहे का, असल्यास कोणाकडे?

दुसरी यादी माणसांची. यंत्रणेत नोंदलेली कार्डे आणि प्रत्यक्ष कामावर असलेली माणसे यांची तुलना केली की नोकरी सोडून गेलेल्यांची, संपलेल्या कंत्राटातील कामगारांची आणि ‘व्हिजिटर-३’ अशा निनावी नावांची चालू कार्डे बाहेर येतात. ही साफसफाई जुन्या यंत्रणेतच उरकावी. नाहीतर तोच कचरा नव्या सर्व्हरवर जातो आणि मग कोणी त्याला हात लावत नाही. कोणत्या गटाला कोणती दारे, कोणत्या वेळेत, हेही याच वेळी ठरवावे. वर्षानुवर्षे ‘याला पण देऊन टाका’ म्हणत वाढलेल्या परवानग्या कापण्याची संधी पुन्हा लवकर येत नाही.

तिसरी तपासणी सर्व्हरची. तळमजल्यावरच्या सुरक्षा केबिनमधील जुन्या संगणकावर अनेकदा ही सारी यंत्रणा चालत असते. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नवे रीडर आणि जुना असुरक्षित संगणक, अशी जोडी नको.

आग लागल्यावर दाराने काय करायचे?

नियोजनातला हा सर्वात गंभीर भाग. कुलपे ढोबळमानाने दोन प्रकारची. मॅग्नेटिक लॉक विजेवर दार धरून ठेवते. वीज गेली की सोडते. त्याची धरण्याची ताकद साधारणपणे २७० किंवा ५४० किलोच्या आसपास असते, म्हणजे धक्का मारून ते उघडेल ही आशा सोडावी. दुसऱ्या प्रकारचे कुलूप वीज गेल्यावर बाहेरून बंदच राहते. आतून मात्र मूठ फिरवून बाहेर पडता आले पाहिजे. रोख रकमेची खोली, औषधांचे भांडार, सर्व्हर रूम यांना दुसरा प्रकार योग्य ठरतो. जिन्याकडे जाणारी दारे आणि मुख्य सुटकेचा मार्ग यांना पहिला, किंवा आतून नेहमीच मोकळे उघडणारे यांत्रिक कुलूप.

बाहेर पडण्याचे दार आतून किल्लीविना उघडता आले पाहिजे, ही २०१६ च्या नॅशनल बिल्डिंग कोडची अपेक्षा आहे. कार्ड हीसुद्धा किल्लीच. १९९७ मध्ये दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीत ५९ जणांचा जीव गेला, त्यात बाल्कनीतून बाहेर पडण्याच्या वाटा बंद असणे हे मोठे कारण होते. तिथे इलेक्ट्रॉनिक कुलपे नव्हती, साध्या कड्या होत्या. दार बंद ठेवणारी वस्तू बदलली तरी धोका तोच राहतो.

म्हणून आगीच्या गजराची जोडणी कशी आहे, हे बारकाईने पाहावे. गजर वाजला की सॉफ्टवेअरने कंट्रोलरला संदेश द्यायचा आणि कंट्रोलरने दार सोडायचे, ही साखळी पुरेशी भरवशाची नाही. मधला एखादा स्विच जळाला की ती तुटते. गजराच्या पॅनेलमधून आलेल्या तारेने मॅग्नेटिक लॉकची वीज थेट तोडली पाहिजे. दाराशेजारी काच फोडून किंवा दाबून वीज तोडणारी हिरवी आपत्कालीन पेटी असावी आणि तिनेही कंट्रोलरला न विचारता प्रवाह तोडावा. बाहेर पडण्याचे नेहमीचे बटण हे या पेटीला पर्याय ठरत नाही, कारण ते अनेकदा कंट्रोलरमार्फतच चालते.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यावे लागते. प्रवेश-यंत्रणा बदलणारा ठेकेदार आणि ही संस्था यांची गाठ बहुधा पडतच नाही. दोघांना एकत्र बोलावून, गजर प्रत्यक्ष वाजवून, एकेक दार उघडते का हे पाहणे हा नियोजनाचाच भाग मानावा.

वीज किती वेळ पुरली पाहिजे?

एक साधा हिशेब करू. समजा, इमारतीत ४० दारे आहेत आणि त्यातील ३० दारांना लहान ताकदीचे १२ व्होल्टचे मॅग्नेटिक लॉक आहे. असे कुलूप साधारण अर्धा अँपिअर प्रवाह सतत घेते. म्हणजे ३० कुलपांना १५ अँपिअर. चार तास तग धरायचा तर केवळ कुलपांनाच ६० अँपिअर-तास लागतात. रीडर आणि कंट्रोलर वेगळे. शिवाय बॅटरी जुनी झाली की क्षमता घटते, हे धरून वर राखीव ठेवावे लागते. प्रत्यक्षात या बॅटऱ्या मजल्यामजल्यावर विभागलेल्या असतात, पण बेरीज बदलत नाही.

वीज गेल्यावर मॅग्नेटिक लॉक सोडते, याचा दुसरा अर्थ असा की बॅटरी संपली की तीस दारे सताड उघडी. लांबलेल्या वीजखंडाच्या रात्री कोणत्या दारावर माणूस उभा करायचा, हे आधीच ठरलेले असावे.

नव्या यंत्रणांत कंट्रोलर आणि काही रीडर नेटवर्कच्या तारेतूनच वीज घेतात. वेगळी वायरिंग वाचते. पण मग मजल्यावरच्या नेटवर्क स्विचलाही यूपीएस हवा. कंट्रोलरला बॅटरी आणि त्याला वीज पुरवणारा स्विच मात्र साध्या प्लगवर, ही चूक पहिल्या वीजखंडापर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

नेटवर्कमधून धोका कसा येतो?

दार उघडणारा कंट्रोलर हा आता एक संगणकच आहे आणि त्यालाही संगणकाचे आजार होतात. जून २०२२ मध्ये ट्रेलिक्स कंपनीच्या संशोधकांनी मोठ्या इमारतींत वापरल्या जाणाऱ्या लेनेलएसटू-मर्क्युरी पॅनेलमधील आठ त्रुटी जाहीर केल्या. त्या वापरून दुरून दारे उघडणे-बंद करणे शक्य होते. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये सोनिकवॉलने ‘लिनियर ई-मर्ज ई३’ या प्रवेश-नियंत्रकातील त्रुटीचा गैरफायदा घेतला जात असल्याचा इशारा दिला होता. इंटरनेटवर उघडी असलेली ही यंत्रे ताब्यात घेऊन हल्लेखोर त्यांच्याकरवी इतर संकेतस्थळांवर मारा करत होते. दार कोणाचे, याच्याशी त्यांना देणेघेणे नव्हते.

उपाय माहितीतले आहेत, पण करारात लिहिले नाहीत तर होत नाहीत. कंट्रोलर, रीडर आणि सर्व्हर यांचे नेटवर्क कार्यालयाच्या वाय-फाय आणि संगणकांपासून वेगळे ठेवावे. ‘घरून बघता यावे’ म्हणून राउटरमध्ये थेट भोक पाडू नये. दुरून काम करायचे तर व्हीपीएनमधून. कारखान्याचे पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावेत. कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरचे सुरक्षा-अद्यतन कोण, किती दिवसांत करणार, हे नावानिशी ठरवावे.

सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या व संस्थांनी ठरावीक प्रकारच्या सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायच्या आहेत, यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत आणि घड्याळे सरकारी वेळेशी जुळवायची आहेत. घड्याळाची बाब किरकोळ वाटते. पण चोरीनंतर कॅमेऱ्यात ९.१० दिसते आणि दाराच्या नोंदीत ८.५२, तर पोलिसांपुढे दोन्ही पुरावे लंगडे पडतात.

चेहरा किंवा बोटाचा ठसा घ्यावा का?

मुंबईत मंत्रालयाने २०२५ मध्ये चेहरा ओळखून प्रवेश देणारी यंत्रणा आणली. खासगी कार्यालयांतही तिचा आग्रह वाढतो आहे. कार्ड दुसऱ्याला देता येते, चेहरा देता येत नाही, हा तिचा फायदा खरा आहे. तोटाही तितकाच खरा. कार्ड हरवले तर रद्द करून दुसरे देता येते. बोटाचा ठसा फुटला तर दुसरे बोट कुठून आणणार? ऑगस्ट २०१९ मध्ये ‘बायोस्टार २’ या प्रवेश-यंत्रणेची विदा इंटरनेटवर उघडी असल्याचे संशोधकांना आढळले. त्यांच्या म्हणण्यानुसार २३ जीबीच्या त्या साठ्यात २.७८ कोटी नोंदी होत्या आणि दहा लाखांहून अधिक लोकांच्या बोटांचे ठसे होते. कंपनीने नंतर हा आवाका बराच कमी असल्याचा दावा केला.

भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम आता टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. प्रमुख जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. नोकरीशी संबंधित कारणांसाठी कर्मचाऱ्यांची माहिती वापरण्यास कायद्यात काही मुभा आहे, पण ती सुरक्षित ठेवण्याच्या जबाबदारीतून सुटका नाही. त्यात कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आज घेतलेली यंत्रणा पुढची दहा वर्षे चालणार असेल, तर ती या कायद्याखालीच चालणार आहे. त्यामुळे ठसे कुठे साठणार, किती काळ राहणार, नोकरी सोडल्यावर कधी पुसले जाणार हे आधी विचारावे. सर्वसाधारण दारांना चांगले कार्ड आणि मोजक्या खोल्यांना कार्डासोबत ठसा, एवढ्यावर बहुतेक इमारतींचे भागते. कष्टाच्या कामाने ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांना रोज सकाळी दारात ताटकळत ठेवायचे नसेल, तर कार्डाचा पर्याय हवाच.

प्रत्यक्ष बदल कसा करावा?

सगळी दारे एका रविवारी बदलण्याचा मोह टाळावा. आधी एक मजला आणि त्यातही कमी जोखमीची चार-पाच दारे निवडावीत. दोन आठवडे ती चालवून पाहावीत. रात्रपाळी, सफाईची वेळ आणि एखादा वीजखंड या काळात येऊन गेला तर उत्तमच. मग एकेक मजला. मुख्य प्रवेशद्वार आणि सर्व्हर रूम यांना हात शेवटी लावावा. जुना कंट्रोलर लगेच भंगारात न देता काही दिवस जागेवर ठेवावा, म्हणजे गडबड झाली तर तासाभरात परत फिरता येते.

मधल्या काळात जुनी आणि नवी दोन्ही कार्डे वाचणारे रीडर वापरतात. त्यामुळे हजार जणांना एकाच सकाळी रांगेत उभे राहावे लागत नाही. पण इथेच एक सापळा आहे. सर्वांना नवी कार्डे मिळाली तरी रीडर जुनी कार्डे वाचत राहतात, कारण ते बंद करायचे कोणाच्या डोक्यात येत नाही. मग नव्या यंत्रणेवर लाखो रुपये खर्चूनही पन्नास रुपयांच्या जुन्या कार्डाची नक्कल पूर्वीसारखीच दार उघडते. जुने वाचन बंद करण्याची तारीख आराखड्यातच लिहावी आणि सर्वांना आधी कळवावी.

करारात काय लिहून घ्यावे?

दर दाराचा परवाना एकदाच घ्यायचा की दरवर्षी? दारे वाढली तर काय दर? सुरक्षा-अद्यतने किती वर्षे मिळणार? सुटे भाग आणि बिघाडाला प्रतिसाद यांची मुदत काय? हे प्रश्न एएमसीच्या वाटाघाटीत नेहमीचेच. त्याहून महत्त्वाच्या तीन गोष्टी राहून जातात. कार्डातील कूट-चाव्या इमारतीच्या मालकीच्या असाव्यात. त्या विक्रेत्याकडेच राहिल्या तर पुढची प्रत्येक कार्डखरेदी त्याच्याकडूनच करावी लागते. प्रशासकाचा मुख्य पासवर्ड संस्थेच्या ताब्यात, बंद लिफाफ्यात असावा. आणि कार्डधारकांची यादी, परवानग्या, नोंदी कधीही दुसऱ्या यंत्रणेत नेता येतील अशा स्वरूपात मिळाव्यात.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वीची चाचणी

काम पूर्ण झाले असे ठेकेदार सांगतो, त्या दिवशी प्रत्येक मजल्यावर चार गोष्टी करून पाहाव्यात. सर्व्हरची नेटवर्क तार काढावी आणि कार्डाने दार उघडते का पाहावे. मजल्याची मुख्य वीज बंद करावी आणि ठरलेले तास बॅटरी टिकते का पाहावे. आगीचा गजर वाजवावा आणि सुटकेच्या मार्गावरचे प्रत्येक दार हाताने ढकलून पाहावे. शेवटी एका बाहेरच्या रीडरचे झाकण काढावे आणि सुरक्षा केबिनमध्ये सूचना येते का, ते पाहावे.

या चाचणीला एक दिवस जातो. ती सुट्टीच्या दिवशी घ्यावी लागते, सुरक्षारक्षक, विद्युत कर्मचारी, आयटी विभाग आणि अग्निसुरक्षेचे लोक असे सगळे एकाच वेळी हजर लागतात. म्हणूनच ती टाळली जाते. चाचणीचा निकाल दारांच्या मूळ यादीत, प्रत्येक दारापुढे लिहून ठेवावा आणि दर सहा महिन्यांनी, अग्निसुरक्षेच्या प्रमाणपत्राच्याच वेळी, ती पुन्हा करावी. आणि सर्व्हर रूमची साधी किल्ली कोणाकडे आहे, तेही त्याच कागदावर लिहावे.